थोरल्या दवाखान्यात सोबतीला जाताना

गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं वाचायला घेतली की बियाणं, शाळेची फी, शिलाई मशीन यांच्या जोडीला एक कारण हटकून असतं, दवाखाना. कर्ज मंजूर करताना आपण रक्कम विचारतो, हप्ते विचारतो. पेशंटजवळ कोण थांबणार, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. घरातली बाईच थांबणार. सून, लेक, आई, नाहीतर नणंद. तिनं तिथं नेमकं काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. "नुसतं बसून राहा, काही लागलं तर सिस्टरला हाक मार," एवढ्या शिदोरीवर तिला पाठवतात. आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

आपल्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, जुनी माणसं अजून थोरला दवाखाना म्हणतात. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतून तिथं पेशंट येतात, शिवाय कोकणातून आणि सीमाभागातूनही येतात. अशा भरलेल्या वॉर्डात एका सिस्टरकडं किती खाटा असतात ते आपण डोळ्यांनी बघतो. खाजगी दवाखान्यात गर्दी कमी असेल, पण सकाळ, दुपार, रात्र ड्युटी तिथंही बदलते. डॉक्टर राउंड घेऊन पुढं जातात. सकाळी काय दिलं, दुपारी काय बंद केलं, रात्री किती वेळा उलटी झाली, हे सलग पाहणारं माणूस एकच असतं, ते म्हणजे सोबतीला थांबलेली बाई. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते. २०२३ साली त्या दिवसाचा विषयच होता, पेशंटच्या आणि घरच्यांच्या सहभागातून सुरक्षा. म्हणजे खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या बाईचं काम आता जगानं मोजायला घेतलंय.

आपल्या गटातल्या बायकांकडं एक कौशल्य आधीपासून आहे. आपल्याला वही ठेवता येते. बैठकीची तारीख, कोण हजर, किती जमा, किती दिले, सगळं त्याच दिवशी लिहायचं, उद्यावर ढकलायचं नाही, ही शिस्त आपण वर्षानुवर्षं पाळतोय. तीच दवाखान्यात न्या. एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर पेशंटचं पूर्ण नाव, वय, जुने आजार, झालेली ऑपरेशनं आणि चालू असलेली औषधं लिहा. एखाद्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर ते त्याच पानावर लाल शाईनं, मोठ्या अक्षरांत. पुढच्या पानांवर रोजची तारीख आणि वेळ घालून लिहायचं. ताप किती होता, लघवी कधी झाली, काय खाल्लं, कोणते डॉक्टर आले, काय म्हणाले, उद्या कसली तपासणी आहे. मनात आलेले प्रश्नही तिथंच लिहून ठेवा, कारण राउंडला डॉक्टर समोर आले की सगळे प्रश्न पळून जातात आणि ते गेले की परत येतात. सोबतीची पाळी बदलताना वही हातात द्या आणि तोंडानंही सांगा. लिहिता येत नसेल तर बघायला आलेल्या नातवंडाला लिहायला बसवा. त्या पोरांच्या हातात तसाही मोबाईलच असतो.

घरातून निघताना चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या आल्याच, पण गुडघेदुखीला मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, वैद्यांचं चूर्ण, गावच्या माणसानं दिलेली पुडी, हेसुद्धा. "ते काय औषध नव्हं," असं म्हणून आजी ते लपवतात. पण कोणतं औषध कोणत्या औषधाबरोबर चालत नाही हे डॉक्टरांना आधी कळायला हवं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशन ठरताना आवर्जून सांगायची, नाहीतर रक्त थांबायला त्रास होतो. मात्र ती आपल्या मनानं बंदही करायची नाही.

आणखी एक गोष्ट लपवली जाते, ती म्हणजे मिश्री. आपल्या भागात कितीतरी बायका मिश्री लावतात आणि भूलतज्ज्ञांनी "तंबाखूची सवय आहे का?" असं विचारलं की सासऱ्यांच्या, दिराच्या देखत "नाही" म्हणून मोकळ्या होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. भूल देताना आणि जखम भरताना डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. पुरुषांना बाहेर पाठवून विचारा असं सिस्टरना सांगता येतं, आणि सोबतीच्या बाईनं ते सांगावं.

ऑपरेशनच्या आधीच्या उपासाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं माया आडवी येते. पेशंट सकाळपासून उपाशी, नंबर लागतोय दुपारी, ओठ सुकलेत. मग कुणीतरी थर्मासमधला घोटभर चहा हळूच देतं. पण भूल दिल्यावर माणसाचं गिळण्या-खोकण्यावरचं नियंत्रण जातं. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. दुधाचा चहा पोट रिकामं व्हायच्या हिशेबात पाण्यासारखा धरत नाहीत, जेवणासारखा धरतात. तेव्हा अमुक वेळेनंतर काही नाही असं सांगितलं असेल तर ती वेळ वहीत लिहा आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगा. नंबर फारच लांबला तर पाणी चालेल का, असं सिस्टरना विचारा. चुकून काही खाल्लंच असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगून टाका. फार तर ओरडा बसेल आणि ऑपरेशन पुढं जाईल. शुगरच्या पेशंटनं उपासाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही, हेही आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आता नावाचं. आपल्याकडं एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन सुशीला सहज निघतात. अर्धवट गुंगीतल्या पेशंटला "सुशीलाबाई ना?" असं विचारलं तर तो कशालाही "हो" म्हणतो. म्हणून औषध, इंजेक्शन, रक्त, एक्सरे, काहीही असलं तरी आधी पेशंटचं पूर्ण नाव आणि वय आपण मोठ्यानं सांगायचं. मनगटावर नावाची पट्टी बांधली असेल तर ती काढायची नाही. रक्त चढवायला आलं की पिशवीवरचं नाव आणि रक्तगट केसपेपरशी जुळवतात, तेव्हा जवळ उभं राहा. रक्त सुरू झाल्यावर थंडी वाजली, ताप आला, अंगाला खाज सुटली, पाठ किंवा छाती दुखायला लागली, तर त्या क्षणी सिस्टरला बोलवा, पिशवी संपायची वाट बघू नका. ऑपरेशन कोणत्या बाजूचं आहे, डाव्या गुडघ्याचं की उजव्या, हेही आत नेण्याआधी पेशंटनं आणि आपण स्पष्ट बोलून दाखवावं. डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच विचारतात म्हणून वैतागू नका. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी जी तपासणी-यादी आणली, तिची सुरुवातच पेशंट कोण, ऑपरेशन कसलं आणि कोणत्या जागेचं, या प्रश्नांनी होते.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. अवघड आहे ते तोंड उघडणं. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एक ताई सासऱ्यांजवळ थांबल्या होत्या. दवाखान्याचं नाव सांगायची गरज नाही, असं कुठंही होऊ शकतं. संध्याकाळी ड्युटी बदलल्यावर सिस्टरनी दोन गोळ्या आणून हातावर ठेवल्या. ताईंनी वहीत पाहिलं, रोज संध्याकाळी एकच पांढरी गोळी होती. नवऱ्यानं तर निघताना बजावलेलं, "डॉक्टर-सिस्टरपुढं शहाणपणा करू नकोस." तरीही त्यांनी विचारलं, "सिस्टर, रोज एक असते, आज दोन कशा?" सिस्टरनी केसपेपर बघितला, शेजारच्या खाटेचा बघितला आणि गोळ्या परत घेतल्या. "बरं झालं विचारलंत," असं म्हणाल्या. पुढं त्याच सिस्टर गोळी देताना ताईंना नाव सांगून देऊ लागल्या.

म्हणून आम्ही आता बैठकीत याची तालीम घेतो. एक जण सिस्टर होते, एक डॉक्टर, एक सोबतीची बाई. पहिल्या वेळी सगळ्या हसतात, आणि डॉक्टर झालेली बाई तर हमखास घड्याळ बघून दाखवते. पण चार वाक्यं तोंडात बसतात. "सिस्टर, ही गोळी कशाची? कालची वेगळी होती." "डॉक्टरसाहेब, आम्हाला जे समजलं ते सांगतो, बरोबर आहे का बघा." "मॅडम, सही करतो, पण आधी काय करणार आणि त्यात धोका काय ते आमच्या भाषेत सांगा." आणि चौथं वाक्य, "आमच्या पेशंटचं हे नेहमीचं वागणं नाही, एकदा येऊन बघा." आवाज चढवायची गरज पडत नाही. उलट दवाखान्यात आरडाओरडा, धक्काबुक्की झाली की सगळा वॉर्ड घाबरतो आणि त्या गडबडीत आपल्याच पेशंटकडं दुर्लक्ष होतं. आपल्या राज्यात त्याविरुद्ध २०१० चा कायदाही आहे. गोष्ट सिस्टरपाशी सुटली नाही तर इन्चार्ज सिस्टर, मग ड्युटीवरचे डॉक्टर, मग वैद्यकीय अधीक्षक, अशा पायऱ्या चढायच्या आणि कुणाशी कधी बोललो ते वहीत लिहायचं.

त्या चौथ्या वाक्यावर थोडं थांबू. इंग्लंडमधली मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, तिच्या स्वादुपिंडाला मार लागला. दवाखान्यात असताना जंतुसंसर्ग रक्तात पसरला. तिची तब्येत ढासळतेय हे आईवडील सांगत होते, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही आणि २०२१ साली ती गेली. आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०२४ पासून तिथल्या सरकारी दवाखान्यांत मार्थाच्या नावाचा नियम लागू होत गेला. पेशंट खालावतोय असं घरच्यांना वाटलं, तर ते दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला तातडीनं तपासायला बोलावू शकतात. आपल्याकडं असा नियम नाही. आपल्या हातात वही आणि ते वाक्य आहे. श्वास जोरात चालतोय, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा उठवलं तरी उठत नाही, हातपाय गार पडलेत आणि घाम सुटलाय, सकाळपासून लघवी झाली नाही, ओठ निळसर दिसतात, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी उठायचं आणि बोलवायचं. शुगरचा पेशंट अचानक थरथरायला लागला, बडबडायला लागला, तर साखर उतरली असेल हेही सांगायचं. "झोप लागलीय, लागू दे," असं म्हणण्याआधी हाक मारून बघा.

हात धुण्याची गोष्ट १८४७ सालची आहे. व्हिएन्नाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात डॉ. सेमेलवाइस यांना दिसलं की शवविच्छेदन करून तसेच येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी जिथं बाळंतपणं करतात, तिथं बाळंतिणी जास्त मरतात. त्यांनी सगळ्यांना ब्लीचिंग पावडरसारख्या पाण्यात हात धुवायला लावलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नव्हतं, हा भाग वेगळा. आपणही खाटेजवळ येताना, पेशंटला भरवण्याआधी, भांडं दिल्या-घेतल्यावर हात धुवायचे. शेजारच्या खाटेवरच्या आजींना मदत करून तसंच आपल्या पेशंटला हात लावायचा नाही. जखमेची पट्टी उचलून "बघू कशी आहे" हे तर अजिबात नको. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांनी फोनवर चौकशी करावी. गाडी भरून माणसं आली नाहीत तर पेशंटचा अपमान होतो ही समजूत आता सोडायला हवी.

काही गोष्टी आपण मायेपोटी करतो आणि त्यानंच इजा होते. लकवा मारलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं पाणी घालणं ही त्यातली मोठी. तीर्थ म्हणून घातलं तरी पाणी फुप्फुसातच जातं. गिळता येतंय का हे डॉक्टरांनी तपासल्यावर, पाठीला उशी लावून बसतं करून, थोडं थोडं भरवायचं. ओठ सुकले असतील तर ओल्या कापसानं पुसावेत. सलाईनचं चाक आपण फिरवायचं नाही. लवकर संपवून घरी जाता येत नसतं. सुई टोचलेली जागा सुजली, लाल झाली, आग व्हायला लागली तर मात्र लगेच सांगायचं. लघवीची पिशवी खाटेच्या पातळीखाली टांगलेली असावी, पेशंटच्या अंगावर ठेवू नये आणि फरशीवरही नको. ऑक्सिजन चालू असेल तिथं उदबत्ती, दिवा, काडेपेटी काही चालणार नाही. अंगारा लावायचा असेल तर कपाळाला लावा, पण उदबत्ती घरीच पेटवून या.

वयस्क माणसं दवाखान्यात पडतात ती बऱ्याचदा रात्री, लघवीला जाताना. "पोरीची झोप कशाला मोडायची" म्हणून आजोबा एकटेच उठतात. त्यांना सांगून ठेवा की उठवलंच पाहिजे. चामड्याचं कोल्हापुरी पायताण ओल्या फरशीवर घसरतं, दवाखान्यात रबरी चप्पल बरी. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर माकडहाड आणि टाचांना जखमा होतात. कसं वळवायचं ते सिस्टरकडून एकदा शिकून घ्या.

बाळंतिणीजवळ थांबणाऱ्यांनी पहिला दिवस फार जपायचा. बाळ बघण्याच्या गडबडीत आईकडं कुणाचं लक्ष नसतं. तासाभरात पूर्ण पॅड भिजला, गुठळ्या पडल्या, चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, खूप डोकं दुखलं, तर लगेच सांगा. बाळंतपणात अंगावर जातंच असं म्हणून बसू नका. बाळाला तासाभरात अंगावर घ्यायचं. मध, गुटी, साखरपाणी काही नको. मधात कधी कधी असे जंतू असतात की वर्षाच्या आतल्या बाळाला ते झेपत नाहीत. आणि बाळ कुणाच्याही हातात द्यायचं नाही. तपासायला नेतो म्हणणाऱ्याचं ओळखपत्र बघा आणि आपल्यातलं एक माणूस बरोबर जाऊ दे.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्या आया आत नव्हत्या, त्यांच्या हातात काही नव्हतं. दवाखान्याची जबाबदारी दवाखान्याचीच. पण वॉर्डात पोचल्यावर बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हे एकदा चालत जाऊन बघायला दोन मिनिटं लागतात. त्या वाटेवर अंथरूण, डबे, पिशव्या ठेवू नका. खाटेजवळच्या प्लगमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा किटली लावू नका. जळकट वास आला, ठिणगी दिसली, तर संकोच न करता ओरडा.

सोबतीची बाईही माणूसच आहे. सलग चार रात्री जागलेल्या बाईच्या लक्षात काय राहणार? म्हणून आमच्या काही गटांत आता कर्जाबरोबर पाळीही ठरते. एक दिवस डबा कुणी द्यायचा, एक रात्र कुणी थांबायचं. नवऱ्याला आणि दिराला पाळी लावायला काही हरकत नाही. वही त्यांनाही लिहिता येते.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते, रिक्षा खाली उभी असते. तरीही कार्ड हातात आल्यावर दहा मिनिटं सिस्टर किंवा डॉक्टरांजवळ बसा. घरातल्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद, कोणत्या चालू आणि नव्या किती दिवस, हे वहीत लिहून परत वाचून दाखवा. कित्येक घरांत जुनी आणि नवी, दोन्ही नावांनी एकच औषध दुप्पट घेतलं जातं. टाके कधी काढायचे, काय झालं तर परत यायचं आणि त्यासाठी फोन कुठं करायचा, तेही विचारा. कागदपत्रांची प्रत हवी असेल तर लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत मिळायला हवी. खाजगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असा नियम महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. बिल भरायच्या रांगेत उभ्या असाल तेव्हा ती वाचून घ्या. घरी आल्यावर बंद केलेल्या गोळ्या त्याच दिवशी औषधाच्या डब्यातून वेगळ्या काढा, आणि वही त्याच डब्याशेजारी ठेवा, पुढच्या तपासणीला ती लागते.